रुळली का पोर?

सासरी जाच होणाऱ्या किती मुलींच्या घरी आमचा गट आजवर गेला, त्याची मोजदाद आता राहिलेली नाही. पण त्या घरांमधली एक गोष्ट पक्की ध्यानात आहे. मुलगी चार दिवस माहेरपणाला आली की ओसरीवर बसलेल्या बायका आधी एकच विचारायच्या, “रुळली का गं पोर?” तिला पोटभर जेवायला मिळतं का, कुणी हात उगारतं का, हे प्रश्न नंतर. बहुतेक वेळा फार उशिरा. रुळायचं काम पोरीचं. घरानं त्यासाठी काही करायचं नसतं.

२०२४ च्या दिवाळीत हाच प्रश्न मी माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात ऐकला आणि दचकले. कारण या वेळी पोर सासरहून आलेली नव्हती. ती विद्यापीठातून आली होती.

ही पोर म्हणजे माझी भाची. तिचं नाव इथे लिहीत नाही, तशी तिची अटच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावातून अभियांत्रिकीला गेलेली ती पहिली मुलगी. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य शासनानं निर्णय घेतला की वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हा निर्णय झाला नसता तर दादानं तिला पाठवलं नसतं, हे मी खात्रीनं सांगते. फी माफ झाली. मेस, खोली, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप, एस.टी.चं भाडं हे काही माफ झालं नाही. त्यासाठी दादानं आडत्याकडून सोयाबीनवर उचल घेतली. म्हणजे पोर गेली तीच डोक्यावर ओझं घेऊन.

महिनाभरात तिचे फोन सुरू झाले. “आत्या, मला इथं करमंना.” मी काय म्हणाले असेन? “अगं, पहिल्या वर्षी सगळ्यांनाच तसं होतं. थोडं ॲडजस्ट कर. रुळशील हळूहळू.”

मैत्रिणींनो, हे लिहिताना मला लाज वाटते. शिबिरांमधून मी बायकांना सांगत आले आहे की ‘जुळवून घे’ हा सल्ला ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या सोयीचा असतो. आणि घरातलीच मुलगी मदत मागते तेव्हा तोंडातून तोच सल्ला निघतो, किती सहज! फोन ठेवताना तर मला मी समजूतदार आत्या असल्याचं समाधानही वाटलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर ती बोलती झाली. मी मध्ये बोलायचं नाही असं ठरवून ऐकत राहिले.

वर्गात सगळं इंग्रजीतून. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणितात पहिली आलेली ही मुलगी, पण फळ्यावरचं गणित येत असूनही उभं राहून सांगता येत नाही, म्हणून ती मागच्या बाकावर गेली. “काय करायलीस?” असं कुणाला म्हटलं की बाकीच्या हसतात, म्हणून बोलणंच कमी केलं. मेसमध्ये रात्री साडेसातनंतर काही उरत नाही. आणि वसतिगृहाचं गेटही साडेसातलाच बंद. ग्रंथालय मात्र रात्री दहापर्यंत उघडं असतं! वर्गातली मुलं दहापर्यंत तिथे बसतात, गटानं गणितं सोडवतात, वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुन्या प्रश्नपत्रिका घेतात, कोणत्या मास्तरांना काय आवडतं ते समजून घेतात. मुली साडेसातला खोलीत. एका खोलीत तिघी, टेबल एक, पाय तुटलेलं.

तिच्या खोलीतली दुसरी मुलगी नांदेडकडची. तिला पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या मुलींनी विचारलं, “आडनाव काय?” आडनाव कळल्यावर पुढचा प्रश्न, “मार्क किती होते?” शिष्यवृत्तीची रक्कम पहिलं सत्र संपत आलं तरी खात्यावर जमा झाली नव्हती. ती मुलगी संध्याकाळचं जेवण सोडते आणि पोट बिघडलंय म्हणून सांगते. भाची म्हणाली, “आत्या, मला निदान हसतात. तिच्याशी तर कुणी बोलतच नाही.” एकाच खोलीतल्या दोघींचं पहिलं वर्षही सारखं नसतं, हे मला त्या अठरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं.

आणि मग खरं कारण आलं. चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती ग्रंथालयातून वीस मिनिटं उशिरा परतली. रेक्टरबाईंनी तिला काही शिक्षा केली नाही, रागावल्यासुद्धा नाहीत. त्यांनी फक्त नियमाप्रमाणे वडिलांना फोन केला. “तुमची मुलगी आज वेळेत आली नाही,” एवढंच. कुठे होती हे सांगितलं नाही, कारण नोंदवहीत तो रकाना नाही.

हा फोन मुलाच्या घरी गेला असता तर? बापानं दोन शिव्या हासडल्या असत्या, विषय संपला असता. मुलीच्या घरी तो फोन वेगळा वाजतो. दादा तीन दिवस कुणाशी बोलला नाही. मग वहिनीला म्हणाला, “पुढच्या साली इथंच तालुक्याला घालू. अन् स्थळं बघायला काय हरकत हाय?” अंगणातला तो ‘रुळली का पोर?’ हा प्रश्न या पार्श्वभूमीवर आला होता. पोर रुळत नसेल तर परत आणायचं ठरलेलंच होतं.

मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण मला माझी पेटी आठवली.

१९९४ साली मी एम.ए.साठी पहिल्यांदा मोठ्या शहरात आले. वडील पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन सोबत आले होते. रेक्टरच्या खोलीत त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, ते मी अजून विसरलेले नाही. ते गेले आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्या इमारतीत कडी लावून एकटं बसता येईल अशी तेवढीच जागा होती. दर रविवारी घरी आंतर्देशीय पत्र लिहायचे, ‘इकडे सर्व क्षेम.’ वर्षभरात खरं असं एक वाक्य घरी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वडील पुढच्या गाडीनं न्यायला आले असते, ही भीती. वर्गात मी वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही. वर्षाच्या शेवटी सगळे म्हणाले, “छान रुळलीस हो!” माझं रुळणं म्हणजे माझं गप्प होणं होतं. पुढे चळवळीत आल्यावर आवाज परत मिळवायला मला बरीच वर्षं लागली.

शेजारच्या खोलीत एक मुलगी होती. माझ्यापेक्षा हुशार, आणि हसरी. दसऱ्यानंतर गावाहून परतताना तिची एस.टी. बिघडली आणि ती रात्री पोचली. रेक्टरनी घरी पत्र टाकलं. आठवड्यानं भाऊ आला, त्यानं पेटी उचलली, ती त्याच्या मागून चालत गेली. आम्ही सगळ्याजणी व्हरांड्यात उभ्या होतो. कुणीही काही बोललं नाही. उन्हाळ्यात तिची लग्नपत्रिका आली. आम्ही त्यातून काय शिकलो? वेळेत यायला शिकलो. एवढंच.

आज तीस वर्षांनी पत्राची जागा मोबाईलनं घेतली आहे, त्यामुळे सारं काम एका आठवड्याऐवजी एका मिनिटात होतं.

आपल्याकडे मुलींच्या पहिल्या वर्षाच्या गोष्टी जिद्दीच्या गोष्टी म्हणून सांगायची रीत आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. न सोसणारी थंडी, न मानवणारं अन्न, ढासळत गेलेली तब्येत, या सगळ्यातून त्या १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, पुण्यात त्यांचा अंत झाला. आपण शाळेत त्यांची जिद्द शिकलो, आणि ती शिकायलाच हवी. पण सोसणं हाच बाईच्या शिक्षणाचा पहिला धडा असं आपण त्यातून नकळत पक्कं करून टाकलं. जी सोसते ती गुणी, जी सांगते ती रडूबाई.

मी असं म्हणत नाही की पहिल्या वर्षाचं सगळं दुःख पुरुषसत्तेनं दिलेलं असतं. घर सुटतं, आईच्या हातची भाकरी सुटते, ओळखीचा चेहरा दिसत नाही. मुलगेही रडतात, फक्त ते कुणाला दाखवायची त्यांना मुभा नसते. नव्या जागेची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ ज्याचा त्यालाच काढावा लागतो. पण करमत नसणं वेगळं आणि कोंडून घातलं जाणं वेगळं. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि दोन्हींवर एकच औषध देतो, रूळ म्हणून. या घोटाळ्याचा फायदा संस्थेला होतो. तिला काहीच बदलावं लागत नाही.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थ्यांमध्ये २.०७ कोटी मुली आहेत. जवळजवळ निम्म्या. आपण हा आकडा भाषणात अभिमानानं सांगतो. पण दारातून आत किती आल्या एवढंच त्यावरून कळतं. आत आल्यावर किती वाजता दार लागतं आणि पहिल्या वर्षात कितीजणींची पेटी परत जाते, ते कळत नाही.

याबाबत नियम नाहीत असं नाही. लैंगिक छळाला प्रतिबंध करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ चे विनियम केले, ते मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहांत मुलग्यांच्या तुलनेत त्यांच्यावर भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. २०१५ मध्येच दिल्लीत ‘पिंजरा तोड’ या नावानं विद्यार्थिनींनी वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध मोहीम उभी केली. २०२२ मध्ये कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी रात्री साडेनऊच्या बंधनाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा बंधन फक्त मुलींवरच का, असा प्रश्न न्यायालयानंच विचारला. भाचीच्या वसतिगृहाच्या भिंतीवर मेसचे नियम लावलेले आहेत, पाणी जपून वापरा असं लावलेलं आहे. हे विनियम लावलेले नाहीत.

इथे दोन आक्षेप येतील, ते मी टाळत नाही.

पहिला सुरक्षिततेचा. बाहेर काही झालं तर जबाबदार कोण? भाचीच्या रेक्टरबाईंशी मी नंतर जाऊन बोलले. बाई वाईट नाहीत. कंत्राटी नेमणूक, दोनशे मुली, सोबतीला एक रखवालदार. त्या म्हणाल्या, “ताई, काही घडलं तर माझी नोकरी जाईल. फोन केला की निदान माझ्यावर येत नाही.” त्यांचंही खरं आहे. सुरक्षितता ही संस्थेनं पैसे खर्च करून द्यायची गोष्ट. ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत दिवे लावायचे, रात्री एक गाडी फिरवायची, माणसं नेमायची. ते महाग पडतं. कुलूप स्वस्त पडतं. आणि कुलपाची किंमत मुलगी भरते, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच. आमच्या बैठकीत एक जुनी सहकारी म्हणाली, “गावागावांत बाया मार खातायत आणि आपण वसतिगृहाच्या वेळेवर वेळ घालवायचा?” मी तिला एवढंच विचारलं, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेलेल्या ज्या मुली आपल्याकडे येतात, त्यांतल्या कितीजणींचं शिक्षण मध्येच तुटलेलं असतं? ती गप्प झाली. पहिल्या वर्षात परत आणलेली मुलगीच दोन वर्षांनी आपल्या केंद्राच्या पायरीवर येऊन बसते. तिला आधी भेटलो तर काय बिघडेल?

आणि इथे आपल्यालाही स्वतःला काही विचारायला हवं. त्याच विनियमांनुसार प्रत्येक संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीवर स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनेतली एक सदस्य असते. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तेव्हा निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही त्यात असायला हवेत. आपल्यापैकी कितीतरी जणी अशा समित्यांवर आहोत. मीही एका ठिकाणी होते. वर्षातून एकदा चहा, बिस्कीट आणि इतिवृत्तावर सही. ‘एकही तक्रार आली नाही’ हे वाक्य मी किती वर्षं मान्य केलं! पहिल्या वर्षाच्या मुलीला ती समिती आहे हेच ठाऊक नव्हतं, तर तक्रार येणार कुठून?

म्हणून माझं म्हणणं असं की आपण विद्यापीठात अत्याचाराची बातमी आल्यावर मोर्चा घेऊन जातो, त्याऐवजी सत्राच्या पहिल्या महिन्यात जायला लागू. प्रवेशाच्या दिवशी पालक सोबत असतात. तेव्हाच बापाशी, भावाशी बोलून ठेवायचं, की उशीर झाल्याचा फोन आला तर आधी मुलीला विचारा. वसतिगृहात विनियमांची मराठी प्रत लावायला लावायची. समितीवरच्या सदस्यांनी स्वतःचं नाव आणि फोन तिथे लिहायचा. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. आडनाव विचारून एखादीला पानावरून उठायला लावणं हाही छळच आहे, हे वरच्या वर्गातल्या मुलींना ऐकवायचं. आणि ग्रंथालय जितके वाजेपर्यंत मुलांना, तितके वाजेपर्यंत मुलींना, ही मागणी मुलींच्या सह्यांनी करायची. आपण मागे उभ्या राहायचं, पुढे नाही.

भाचीचं काय झालं ते सांगते. दादाशी मी दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी त्याला ग्रंथालयाची नोंदवही दाखवायला नेलं. त्या संध्याकाळी बाहेर पडल्याची तिची सही आणि वेळ तिथे होती. तो बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिला. काही बोलला नाही, पण परत येताना स्थळाचा विषय निघाला नाही. खोलीतल्या तिघींनी मिळून अर्ज लिहिला, त्यावर चाळीस मुलींच्या सह्या झाल्या. नांदेडकडच्या मुलीनं तो मराठीत लिहिला आणि तिनंच प्राचार्यांसमोर वाचला. गेट आता नऊला बंद होतं, आणि तेही परीक्षेच्या काळातच. एरवी साडेसातच. म्हणजे जिंकलो असं म्हणता येणार नाही. भाचीला एका विषयात एटीकेटी लागली, पण ती दुसऱ्या वर्षात गेली. पेटी परत आली नाही.

यंदाही तुमच्या वस्तीतून, गावातून एखादी पोर बॅग भरून निघेल. ती गेल्यावर महिन्याभरात तिला फोन करा. रुळलीस का, असं मात्र विचारू नका. तुमच्याकडे गेट किती वाजता लागतं, ग्रंथालय किती वाजता बंद होतं, आणि संध्याकाळी जेवलीस का, असं विचारा.